समुद्र राहू द्या, आधी माठ आणा

पत्र : ताई, माझा मुलगा ऑगस्टमध्ये पाच वर्षांचा होईल. आम्ही इंदिरानगरला राहतो. मी घरूनच काम करते. सकाळी आठ ते साडेदहा आणि संध्याकाळी पाचनंतर मोकळी असते. सुट्टी लागली तेव्हा ठरवलं, यंदा नुसता मोबाइल नको, दर आठवड्याला एक ‘थीम’ घ्यायची. पहिला आठवडा समुद्राचा. रात्री अकरापर्यंत जागून निळे कार्डशीट कापले, मासे आणि ऑक्टोपस चिकटवले, वर्कशीटच्या प्रिंट काढल्या. सकाळी त्याने ते दहा मिनिटं बघितलं आणि उरलेला वेळ सेलोटेपचं रीळ जिन्यावरून घरंगळवत बसला. पुढचा आठवडा अंतराळाचा आहे आणि माझ्यात आता त्राण नाही. सोसायटीच्या ग्रुपवर रोज फोटो येतात, कुणी ज्वालामुखी केला, कुणी इंद्रधनुष्य. त्यात घरात सासूबाईंची वाळवणं चालू आहेत, तर हा सारखा गच्चीवर पळतो. समोरच्या घरातली तीन वर्षांची मुलगीही दिवसभर आमच्याकडेच असते. माझं कुठे चुकतंय? की सरळ समर कॅम्पला घालू?
— एक आई, नाशिक

उत्तर :

तुमच्या पत्रात मला सगळ्यात काय आवडलं असेल तर ते सेलोटेपचं रीळ. ते जिन्यावरून सोडायचं, कुठल्या पायरीवर आडवं पडतं ते बघायचं, वर आणायचं, पुन्हा सोडायचं. हे तो किती वेळ करत होता, ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण अर्धा-पाऊण तास तरी असणार. समुद्राला दहा मिनिटं आणि रिळाला पाऊण तास! म्हणजे पोराचं लक्ष टिकत नाही अशी काही तुमची तक्रार असेल, तर ती आत्ताच निकालात निघाली.

गडबड थीम घेण्यात नाही, कुठली थीम घेतली त्यात आहे. समुद्र, अंतराळ, डायनासोर हे विषय झाले. चार-साडेचार वर्षांच्या मुलाला विषय धरता येत नाही, त्याला वस्तू धरता येते. मुंबईच्या पोराला समुद्र म्हणजे पायाखालून सरकणारी वाळू. त्याच्यासाठी ती थीम चालेल. तुमच्या लेकाने समुद्र पाहिला असलाच तर वर्षातून एकदा, तोही तुमच्या कडेवरून. त्याच्यासाठी निळा कागद हा निळा कागदच आहे. म्हणून माझं पहिलं सांगणं असं की विषय सोडा आणि वस्तू घ्या. ‘पाणी’ नको, ‘माठ’ घ्या. ‘शेती’ नको, ‘कांदा’ घ्या. ‘सूर्यमाला’ तर नकोच, ‘माझी सावली’ घ्या. वस्तू हातात आली की विषय आपोआप मागून येतो, आणि नाही आला तरी काही बिघडत नाही.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी 1926 मध्ये भावनगरला नूतन बाल शिक्षण संघ काढला. पुढे ताराबाई 1945 मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला आणि 1957 मध्ये कोसबाडच्या टेकडीवर आल्या, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला. मॉन्टेसरी पद्धतीचं महागडं शिकवायचं साहित्य आदिवासी पाड्यात कुठून आणायचं? मग त्यांनी बिया, शंख-शिंपले, पानं, दगड असं जे आजूबाजूला पडलेलं होतं तेच साहित्य केलं. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, असा तो विचार. तुमच्या बाबतीत अंगण म्हणजे गच्ची. आणि तिथे सासूबाई आधीच बसलेल्या आहेत.

तर गच्चीपासूनच सुरू करू. तो तिकडे पळतो हे तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय. अहो, तो तुमच्या थीममधून पळून जात नाही, त्याला त्याची थीम सापडली आहे. कुरडईचंच बघा. गहू तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलायचं, दुसऱ्या दिवसापासून त्याला आंबूस वास यायला लागतो. मग वाटायचे, गाळून चीक काढायचा, तो रात्रभर ठेवायचा. सकाळी वर नितळ पाणी आणि तळाशी पांढरा गाळ. हे बघायला लेकाला मुद्दाम उठवा. काल सगळं एकच दूध दिसत होतं, आज दोन कसे झाले? उत्तर देऊ नका, त्यालाच बोटाने तळ खरवडू द्या. चीक शिजवायच्या वेळी मात्र त्याला लांब बसवा. उकळता चीक अंगावर उडाला तर चिकटून बसतो, आणि तो भाजणं साधं नसतं. शिजलेला चीक वाटीत घेऊन तूप घालून निवल्यावर खायला द्या, म्हणजे लांब बसल्याचं दुःख राहणार नाही. सोऱ्यात भरलेला चीक थोडा निवला की आजीच्या हातावर हात ठेवून त्यालाही एक कुरडई पाडू द्या. वाकडी येईल. ती वेगळी ठेवा, ती ‘त्याची’.

आता खरी गंमत. एक कुरडई उन्हात घाला आणि तिच्या जोडीची एक घरात, सावलीत. दुपारी आणि संध्याकाळी दोन्हींना हात लावायचा. मऊ, चिकट, चामट, कडक हे चार शब्द चार वेळा हाताला कळले की वर्कशीटवर जोड्या लावायची गरज उरत नाही. आपल्या नाशिकची हवा एप्रिल-मेमध्ये अशी कोरडी असते की फरक त्याच दिवशी दिसतो. शेवटी त्याची वाकडी कुरडई तुम्ही तळायची आणि त्याने लांबून बघायचं. कढईत पडल्या पडल्या ती फुलते तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघा. राखण करायचं काम तर त्याचंच. कावळे हाकलणं, किती आले ते मोजणं, जाताना किती उडाले ते सांगणं. यात बेरीज-वजाबाकी आहे, पण ती आहे असं त्याला सांगायचं नाही.

समोरच्या छोटीला सोऱ्या जमणार नाही. तिला निवलेल्या साबुदाण्याच्या पापड्या चमच्याने कागदावर घालू द्या. पाच वर्षांच्या आणि तीन वर्षांच्या मुलाला थीम एकच द्यावी, काम वेगळं द्यावं. मोठ्याला मोजायचं, लावायचं, सांगायचं काम. धाकट्याला ओतायचं, भरायचं, कालवायचं काम. आणि धाकटीने सांडलं तर मोठ्याने पुसायचं नाही, तिनेच पुसायचं. फडकं तिच्या हाताएवढं असावं, एवढंच.

दुसरी थीम माठ. हिच्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण तीस वर्षं बालवाडी चालवल्यावर मला जर कुणी एकच वस्तू निवडायला सांगितली, तर मी माठ निवडेन. नवा माठ घरी आणला की तो पाण्याने भरलेल्या टबात बसवा आणि लेकाला कान लावायला सांगा. कोरडी माती पाणी प्यायला लागते, बारीक बुडबुडे निघतात आणि ‘सुर्र’ असा आवाज येतो. आमच्या बालवाडीतल्या एका मुलीने तो ऐकून विचारलं होतं, “बाई, हा तहानलेला होता का?” पुढचं अर्धं शिकवणं तिनेच उरकलं. ओल्या बोटाने कोरड्या माठावर चित्रं काढू द्या. रेघ गडद उमटते आणि बघता बघता नाहीशी होते. पाटीपेक्षा हे मुलांना जास्त आवडतं, पुसावं लागत नाही ना!

माठ भरताना तांब्याने भरायचा आणि तांबे मोजायचे. पंधरापुढे तो अडखळेल. अडखळू द्या, तुम्ही हळूच पुढचा आकडा म्हणा. सकाळी माठाला बाहेरून हात लावला की तो ओला लागतो. “माठ गळतोय का? मग खाली पाणी का नाही साचलं?” हा प्रश्न दोन-तीन दिवस तसाच राहू द्या. मग एका हाताला ओलं फडकं पुसायचं, दुसरा हात कोरडा ठेवायचा आणि दोन्हींवर फुंकर मारायची. ओला हात गार लागतो. माठाचंही तेच चाललेलं असतं. मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरतं, हवेत उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. तुमच्यासाठी एवढं पुरे; त्याच्यासाठी ‘माठाला घाम येतो म्हणून तो गार होतो’ एवढं पुरे.

आणि माळ्यावर बघा, संक्रांतीची सुगडं पडलेली असतील. दोन सारखी काढा. एकाला बाहेरून ऑइलपेंट फासा, अगदी तळापर्यंत, आणि दोन दिवस वाळू द्या. दुसरं तसंच ठेवा. दोन्ही पाण्याने भरून सावलीत, वारा लागेल अशा जागी झाकून ठेवा. संध्याकाळी दोन्हीत बोट बुडवायचं. रंगवलेल्याचं पाणी कोमट लागेल, कारण त्याची छिद्रं बुजली. माझ्या मते ग्रुपवरच्या सोडा-व्हिनेगरच्या ज्वालामुखीपेक्षा हा प्रयोग कितीतरी सरस आहे, फक्त फोटोत काही दिसत नाही. फोटोचा मुद्दा निघालाच आहे तर सांगते, तो ग्रुप महिनाभर म्यूट करा. ज्या कामात मूल खरंच गुंतलेलं असतं, त्याचा फोटो नेहमी पाठमोरा येतो.

तिसरी थीम फक्त नाशिककरांनाच जमेल अशी आहे. एका सकाळी, ऊन चढायच्या आत, मुलांना रामकुंडावर न्या आणि गोदावरीच्या पात्रातली दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती दाखवा. पावसाळ्यात गोदावरीला पूर आला की अख्खं शहर एकच चौकशी करतं, पाणी कुठपर्यंत आलं? मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला की छातीला? मीटर-सेंटिमीटर न कळणाऱ्या मुलासाठी याहून चांगलं माप कुठलं? उन्हाळ्यात मारुती पायापासून डोक्यापर्यंत नीट दिसतो. लेकाला विचारा, त्याचा गुडघा तुझ्या कुठे येतो? पाण्याजवळ मात्र हात सोडायचा नाही, कुंडाच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात.

घरी येऊन बाथरूमच्या टबात स्वतःचा मारुती उभा करायचा. इथे एक फजिती सांगते. आम्ही एकदा शाडूचा मारुती केला, उन्हात चांगला वाळवला, टबात उभा केला आणि मुलांनी तांब्या-तांब्याने पूर आणला. पाणी कमरेपर्यंत येईतो मारुतीचे पाय विरघळले आणि तो पालथा पडला. दोन मुलं रडली. तिसरा म्हणाला, “याला आधी भाजायला पाहिजे होता, विटेसारखा.” त्याचे वडील वीटभट्टीवर कामाला होते. तेव्हापासून मी आधी कच्च्या मातीचा मारुती मुद्दाम पाडते आणि मग प्लास्टिकच्या बाटलीत वाळू भरून दुसरा करते. बाटलीवर स्केचपेनने गुडघा, कंबर, छाती आणि डोकं अशा चार रेघा ओढायच्या. किती तांब्यांनी गुडघा, किती तांब्यांनी कंबर, ते भिंतीवर खडूने उभ्या रेघांनी मांडायचं. हेच टबातलं पाणी नंतर कुंड्यांना. आपल्याकडे मे महिन्यात पाणी वाया घालवलेलं मुलांनी बघू नये.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते, त्या तुम्हाला जमतील. उन्हाळ कांदा सध्या सगळ्यांच्या घरात आला असेल. तो जमिनीवर ओतून मोठा, मधला आणि गोल्टी म्हणजे अगदी लहान असे तीन ढीग करायला लावा, लासलगावच्या बाजारातही हेच चालतं. साली जमवून तुम्ही उकळा, चिमूटभर तुरटी टाका, गाळून निवल्यावर पांढरा सुती रुमाल त्यात बुडवू द्या. छान पिवळसर-तांबूस रंग चढतो. कांद्याचा बुडखा बशीत पाणी घालून ठेवला की चार-पाच दिवसांत पात येते. करवंदं आली की ‘कोंबडा की कोंबडी’ खेळा. चावल्यावर आत लाल निघाला तर कोंबडा, पांढरी निघाली तर कोंबडी. आपण सगळे तो खेळलोय, पण शिकवण्यासारखं त्यात काही आहे असं आपल्याला कधी वाटलंच नाही. आधी अंदाज सांगायचा, मग चावायचं, मग कुणाचे किती अंदाज बरोबर आले ते मोजायचं. दुपारी झाडावरून ‘टुक टुक टुक’ असा एकसुरी आवाज येतो तो तांबट पक्ष्याचा. तो ऐकला की एखाद्या संध्याकाळी भांडीबाजारात चक्कर मारा, तांब्या-पितळेची भांडी दाखवा, आणि ठोक्याचा आवाज करणाऱ्या तांबट कारागिरावरून पक्ष्याला नाव पडलं हे सांगा.

वेळेचं तुमचं गणित उत्तम आहे, ते बदलू नका. उन्हातलं काम साडेनऊच्या आत किंवा साडेपाचनंतर. दुपारी झोप, गोष्ट आणि कंटाळा. हो, कंटाळाही. रोज एकच काम, तेही वीस मिनिटांचं, आणि एक वस्तू निदान आठवडाभर. तीच तीच वस्तू पुन्हा दिली तर मूल कंटाळेल असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते तिच्यात खोल शिरतं. त्याने दहा मिनिटांत सोडून दिलं तर वस्तू तिथेच राहू द्या, आवरू नका. तो परत येतो.

काही गोष्टी मात्र कडक पाळा. टब, बादली, पिंप, काहीही भरलेलं असेल तर मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं; लहान मूल वीतभर पाण्यातही बुडू शकतं. खेळ संपला की टब लगेच उपडा. तीन वर्षांच्या मुलीच्या हातात शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं नकोत. आपण द्राक्षांच्या गावचे म्हणून विशेष सांगते, द्राक्ष उभं चिरून चार फोडी करूनच द्यायचं. गच्चीवर अनवाणी नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण प्रत्येक आईच्या मनात असतं ते म्हणजे, हे सगळं ठीक आहे, लिहिण्याचं काय? पेन्सिल धरायला बोटांत जोर लागतो आणि तो सोऱ्या फिरवून, कणीक तिंबून, मटार सोलून, ओलं फडकं पिळून येतो. ज्या मुलाला फडकं पिळता येत नाही, त्याच्याकडून ‘अ’ गिरवून घेणं म्हणजे दोघांच्याही डोळ्यांत पाणी. मोबाइलचंही सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांमध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी बसून स्क्रीन बघण्याची मर्यादा दिवसाला जास्तीत जास्त एक तास आहे, आणि हालचाल निदान तीन तास. तुमचा लेक अजून पाचाचा व्हायचाय, तेव्हा हाच हिशेब धरून चाला. तीन तास म्हणजे खूप वाटतात, पण जिना चढणं-उतरणं, कावळ्यांमागे धावणं, तांब्याने पाणी वाहणं सगळं त्यात धरायचं.

राहता राहिला समर कॅम्प. तुम्हाला कामासाठी सलग तीन-चार तास हवे असतील तर खुशाल घाला, त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. फक्त घालण्याआधी एकदा जाऊन बघा. मुलांचे हात कशात आहेत? माती, पाणी, पीठ, पानं यांत असतील तर घाला. सगळी मुलं बाकावर बसून एकसारखं फुलपाखरू रंगवत असतील, तर ते पैसे माठाला आणि करवंदांना घाला. आणि ‘तो मागे पडेल’ म्हणून घालणार असाल, तर घालू नका. सासूबाईंना विचारून बघा, गच्चीवर त्यांना मदतनीस नकोय का.

अंतराळ मात्र मी सरळ रद्द करते. त्या जागी सावली घ्या. सकाळी नऊ वाजता गच्चीवर एक काठी कुंडीत रोवून उभी करा, सावलीच्या टोकाला खडूची खूण करा. तशीच साडेबाराला, तशीच साडेपाचला. दर दोन-तीन दिवसांनी करत राहा. दुपारची सावली आखूड होत होत जाईल, आणि 20 मेच्या आसपास, दुपारी साधारण साडेबाराला, ती काठीच्या बुडाशी गडप होईल. नाशिक विसाव्या अक्षांशावर आहे, त्यामुळे त्या सुमाराला सूर्य बरोबर डोक्यावर येतो. टोपी घालून, चपला घालून पाचच मिनिटं वर जायचं. काठीच्या जागी लेकालाच ताठ उभं करा आणि विचारा, “तुझी सावली कुठे गेली?” पायाखाली बघायला तो नक्की उडी मारेल.

समुद्राचा तो निळा कार्डशीट फेकला नसेल तर मासे सोडवून घ्या. काठीच्या कुंडीखाली तोच अंथरा, सावल्यांच्या खुणा त्याच्यावर पांढऱ्या खडूने छान उठून दिसतील. वारा फार असेल तर चार कोपऱ्यांवर चार कांदे ठेवा. आणि माठ आणायला जाताना लेकाला घेऊन जा. बोटाच्या पेराने प्रत्येक माठ त्यालाच वाजवू द्या. खणखणीत वाजला तर घ्या, बद्द वाजला तर कुठेतरी तडा आहे.